जुन्या मालवाहू टेम्पोतील ब्रेक ऑइलची गळती : शोध आणि दुरुस्ती

कांदा, भाजीपाला, द्राक्षे किंवा दूध स्वतःच्या गाडीतून बाजारात नेता यावे म्हणून अनेक शेतकऱ्यांनी जुना टेम्पो किंवा छोटा ट्रक घेतलेला असतो. टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली बाजारात आली. तिच्या जुन्या गाड्या आणि त्याच धर्तीची पिकअप वाहने आजही खेडोपाडी माल वाहतात. इंजिन दमदार असते, पाटे भक्कम असतात, त्यामुळे गाडी वर्षानुवर्षे चालते. ब्रेकमधील रबर आणि पोलादी पाइप मात्र इंजिनाइतके टिकत नाहीत. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत ब्रेक ऑइल कमी होऊ लागले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. तो म्हणजे डॅशबोर्डमध्ये ऑइलची बाटली ठेवायची आणि आठवड्याला थोडे थोडे भरत राहायचे. या लेखात आपण त्याऐवजी ते ऑइल जाते कोठे हे कसे शोधावे, कोणती दुरुस्ती स्वतः करावी आणि कोणती कारागिराकडे सोपवावी, ते पाहू.

येथे दिलेली माहिती ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकसाठी आहे. मोठ्या ट्रकना हवेचे ब्रेक असतात. त्यांची रचना आणि दोष वेगळे, म्हणून ते या लेखात घेतलेले नाहीत.

थेंबभर गळतीचे महत्त्व

पॅडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ऑइल पुढे ढकलतो. ऑइल दाबून आकुंचन पावत नाही, त्यामुळे हा दाब पाइपमधून जसाच्या तसा प्रत्येक चाकातील लहान सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि तेथील दट्टे ब्रेक शू ड्रमवर दाबतात. पुढे डिस्क असेल तर पॅड दाबले जातात. एका दाबात पुढे जाणारे ऑइल काही चमचेच असते. एवढ्या थोड्या ऑइलवर सारी भिस्त असल्यामुळे एखादा सांधा दाबाखाली पिचकारी मारू लागला किंवा पाइपमध्ये हवा शिरली, तर पॅडलचा बराचसा प्रवास वाया जातो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. ‘दोन-तीनदा पंप मारल्यावर ब्रेक लागतो, काम भागते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या पंपांत दोन सेकंद जातात आणि २८ मीटर रस्ता सरतो. गाडी त्यानंतर थांबू लागते. भरलेली गाडी माळशेज किंवा कसारा घाट उतरत असेल तर एवढा रस्ता पुढे मोकळा मिळेलच असे नाही.

बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर दुहेरी असतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असतात. एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा काम करतो. ही सोय गाडी सुखरूप बाजूला घेता यावी म्हणून दिलेली आहे. अर्ध्या ब्रेकवर हंगाम काढण्यासाठी ती नाही.

आधी पॅडल तपासा

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन सुरू करावे आणि पॅडल जोराने दाबून मिनिटभर तसेच धरावे. इंजिन सुरू होताच पॅडल किंचित खाली जाते, तो बूस्टरचा परिणाम असतो व तो दोष नव्हे. त्यानंतर पॅडल एका जागी घट्ट राहिले पाहिजे. ते हळूहळू खाली बसत गेले तर ऑइल कोठून तरी निसटत आहे. पॅडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर पाइपमध्ये हवा आहे. पहिल्या दाबात पॅडल खोल जाते पण दुसऱ्या दाबात वर येऊन टणक होते, असे असेल तर बहुधा शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. ते जुळवून घेतले की काम होते.

टाकीतील पातळी कमी झाली म्हणजे गळती आहेच, असेही धरून चालू नये. लायनर झिजतात तसे चाकातील दट्टे बाहेर सरकतात, त्यांच्यामागे जास्त ऑइल भरते आणि टाकीतील पातळी तेवढी उतरते. ही उतरण काही महिन्यांत दिसते. एकदा वरच्या खुणेपर्यंत भरलेले ऑइल आठवड्या-दोन आठवड्यांत खालच्या खुणेकडे जात असेल, तर ते झिजेचे नव्हे, गळतीचेच लक्षण समजावे. टाकीवर पांढरी पट्टी चिकटवून पातळी आणि तारीख लिहून ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही.

काही गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि त्याला ब्रेकच्याच टाकीतून ऑइल मिळते. तशी गाडी असेल तर क्लच पॅडलच्या मागची बाजू आणि गिअरबॉक्सजवळचा छोटा सिलिंडर हेही पाहावे. ब्रेकची सारी चाके उघडून झाल्यावर गळती क्लचमध्ये सापडणे हे महागात पडते.

शोध घेण्याची रीत

चिखल, शेणकाला, खतांची भुकटी आणि जुने ग्रीस यांच्या थराखाली काहीच दिसत नाही. म्हणून सर्वप्रथम गाडीची खालची बाजू धुऊन घ्यावी. एक्सलचा वरचा भाग, चाकांच्या आतील बाजू आणि चासीच्या कडेने जाणारे पाइप नीट धुऊन वाळू द्यावेत. पाणी ड्रमच्या आत जोराने मारू नये.

वाळल्यावर गाडी फरशीवर किंवा सपाट जमिनीवर उभी करावी. पुढे-मागे दगड लावावेत. प्रत्येक चाकाच्या आतील बाजूस, मास्टर सिलिंडरखाली आणि पाइपच्या मार्गावर खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे पसरावेत आणि रात्रभर तसेच ठेवावेत. सकाळी कोणत्या पुठ्ठ्यावर डाग आहे, त्यावरून निम्मा शोध लागतो.

पुठ्ठे कोरडे निघाले तरी समाधान मानू नये. काही गळत्या फक्त दाबाखाली होतात. एकाने इंजिन चालू ठेवून पॅडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाइपचा प्रत्येक सांधा, प्रत्येक होज पाहावा. इंजिन सुरू असताना गाडीखाली पूर्ण शिरू नये, बाजूने वाकून पाहावे. याच्या उलटही घडते. चाकातील सिलिंडरच्या रबरी कपाच्या कडा जोराच्या दाबाखाली भिंतीला घट्ट बसतात आणि गाडी उभी असताना सैल पडून पाझरतात. म्हणून रात्रीची आणि दाबाखालची अशा दोन्ही तपासण्या कराव्यात.

दुहेरी मास्टर सिलिंडरच्या टाकीत खाली मधोमध पडदा असतो. पातळी पडद्याच्या खाली गेलेली असेल, तर कोणता कप्पा रिकामा होतो ते पाहावे. त्यावरून गळती पुढच्या चाकांच्या मार्गात आहे की मागच्या, हे कळते. कोणता कप्पा कोणत्या बाजूचा, हे त्यातून निघणारा पाइप कोठे जातो ते पाहून ठरवावे.

हा द्रव ब्रेक ऑइलच आहे ना?

मागच्या चाकाच्या आतील बाजूस ओल दिसली की ब्रेक सिलिंडर गेला असे ठरवून टाकले जाते. पण मागच्या एक्सलचे सील गेल्यास गिअर ऑइलही त्याच जागी येते. दोन्ही ओळखण्याची सोपी परीक्षा अशी : ओघळाचा एक थेंब बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत सोडावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. गिअर ऑइल, इंजिन ऑइल आणि डिझेल पाण्यावर तरंगतात आणि तवंग दिसतो. गिअर ऑइल जाडसर असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ, बोटांना निसरडे लागते आणि रंगावर सांडल्यास रंग फुगवून सोडवते. ज्या ठिकाणी चासीचा किंवा ड्रमच्या मागच्या प्लेटचा रंग पापुद्रे धरून निघाला आहे, तेथे ब्रेक ऑइल बरेच दिवस पाझरत आहे असे समजावे. परीक्षा झाल्यावर हात साबणाने धुवावेत. हे ऑइल विषारी आहे, वाटीही पुन्हा घरात वापरू नये.

पाण्यात मिसळण्याच्या याच गुणामुळे पावसाळ्यात गळती लपते. रस्त्यावरचे पाणी डाग धुऊन नेते आणि टाकी मात्र रिकामी होत राहते. पावसाळ्यात पातळी पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

चाकातील सिलिंडर

जुन्या गाडीत सर्वांत जास्त गळती येथेच सापडते. टायरच्या आतील भिंतीवर वरून खाली आलेले ओघळ, ड्रमच्या मागच्या प्लेटच्या खालच्या कडेला ओल, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणे ही त्याची लक्षणे आहेत.

चाक उचलण्यापूर्वी उरलेल्या चाकांना दगड लावावेत. गाडी जॅकवर सोडून काम करू नये. एक्सलखाली लोखंडी घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. विटांची रास देऊ नये, वीट भाराखाली अचानक फुटते. हातब्रेक सोडावा, शूचा ॲडजस्टर सैल करावा आणि ड्रम काढावा. अनेक ड्रमना आटे असलेली दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे फिरवल्यास ड्रम न ठोकता सुटतो.

आतील भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि ते फडके पुरून टाकावे.

आता सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या हळूच उचलून पाहाव्यात. आत नुसता ओलसरपणा असेल तर हरकत नाही. टोपी उचलताच ऑइल ओघळले तर आतील कप गेला आहे. या वेळी दोन पर्याय असतात, फक्त रबर किट बदलणे किंवा पूर्ण सिलिंडर बदलणे. निर्णय सिलिंडरच्या आतील भिंतीवरून घ्यावा. दट्टे काढून भिंत स्वच्छ फडक्याने पुसावी आणि नख फिरवून पाहावे. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट पुरते. नख कोठेही अडकले, गंजाचे खड्डे किंवा चरे लागले, तर नवा कपही काही आठवड्यांत फाटेल. अशा वेळी सिलिंडरच बदलावा. किटची किंमत कमी दिसते, पण तेच काम हंगामाच्या मध्यावर दुसऱ्यांदा करावे लागले तर ती बचत उरत नाही. एका बाजूचा बदलला की त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही बदलणे चांगले. दोघांचे आयुष्य सारखेच झालेले असते आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा राहतो.

भाग धुण्यासाठी रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल वापरू नये. त्यांचा अंश राहिला तरी रबर फुगते. स्पिरिट किंवा स्वच्छ ब्रेक ऑइल वापरावे. कप बसवताना त्याला ब्रेक ऑइलच लावावे, साधे ग्रीस कधीही नाही.

ऑइलने भिजलेल्या लायनरबद्दल एक चुकीची पद्धत सर्रास दिसते. लायनरवर पेट्रोल टाकून ते पेटवतात आणि ‘ऑइल जळून गेले’ म्हणून पुन्हा बसवतात. लायनर सच्छिद्र असते, आत मुरलेले ऑइल राहतेच. घाटात ड्रम तापला की ते पृष्ठभागावर येते आणि नेमक्या गरजेच्या वेळी चाक धरत नाही. भिजलेले लायनर टाकून द्यावेत आणि एक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

पाइप आणि होज

शेतीच्या गाडीत पाइप लवकर का कुजतात, याचे कारण गाडीतील मालात आहे. खतांच्या पोत्यांतून सांडलेली भुकटी, विशेषतः क्लोराइड असलेले म्युरेट ऑफ पोटॅश, फळीच्या फटींतून चासीवर पडते आणि दमट हवेत पोलाद खाऊ लागते. कोकणात खारी हवा व मासळीचे पाणी हेच काम करतात. पाइप जेथे क्लिपने चासीला धरलेला असतो, तेथे माती आणि ओल अडकून राहते. बाहेरून पाइप चांगला दिसतो आणि क्लिपखाली कागदाइतका पातळ झालेला असतो. म्हणून तपासणीत क्लिपा सोडवून पाहाव्यात. खताची खेप टाकून आल्यावर गाडीचा तळ साध्या पाण्याने धुणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गंजलेल्या पाइपवर पापुद्रे आणि खड्डे दिसत असतील तर तो गळण्याची वाट पाहू नये. पूर्ण पाइप बदलावा. मधला तुकडा कापून तेथे रबरी नळी आणि क्लॅम्प लावणे, पितळी डाग देणे, एम-सीलने छिद्र बुजवणे हे प्रकार ब्रेकमध्ये चालत नाहीत. तेथील दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. डिझेलच्या लाइनसाठी मिळणारा मऊ तांब्याचा पाइपही वापरू नये. सततच्या हादऱ्याने तांबे कडक होते आणि सांध्याजवळ चिरते. ब्रेकसाठीच बनवलेला पोलादी पाइप घ्यावा. त्याची तोंडे दुहेरी फुलवावी लागतात. त्यासाठी वेगळे हत्यार आणि सवयीचा हात लागतो, म्हणून हे काम ब्रेकच्या जाणकार कारागिराकडून करून घ्यावे. जुना पाइप नमुन्यासाठी सोबत न्यावा, म्हणजे लांबी, वळणे आणि नटाचे आटे चुकत नाहीत.

जुना नट सोडवताना साध्या उघड्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि पाइपच्या नटासाठी मिळणारा, एका बाजूने खाच असलेला रिंग पाना वापरावा.

पुढच्या चाकांकडे आणि मागच्या एक्सलवर जाणारे रबरी होज हाताने वाकवून पाहावेत. बारीक भेगा, फुगवटा, टायरला किंवा पाट्याला घासल्याची खूण यांपैकी काहीही दिसले तरी होज बदलावा. उसाच्या खोडव्यातून किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांतून गाडी नेल्यावर हे अवश्य पाहावे, खुंट नेमके येथेच लागतात. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर असतील तर ते दर वेळी नवे घालावेत. होज पिळला जाऊ देऊ नये आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो कोठे ताणतो किंवा घासतो का, ते पाहावे. काही गाड्यांत मागच्या एक्सलवर, भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तोही चिखलात दडलेला असतो आणि तपासताना विसरला जातो.

बाहेर न दिसणारी गळती

टाकी रिकामी होते, पण चाके, पाइप, होज सर्व कोरडे आहेत, अशी तक्रार पुष्कळदा येते. अशा वेळी मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलवर संशय घ्यावा. ते गेले तर ऑइल बूस्टरमध्ये उतरते आणि बाहेर थेंबही पडत नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी धरलेला असतो ते सोडून, पाइप न काढता, तो जेमतेम पुढे ओढावा आणि मधली जागा पाहावी. तेथे ओल किंवा निघालेला रंग असेल तर निदान झाले. बूस्टरमध्ये साचलेले ऑइल त्याचा रबरी पडदाही खराब करते, म्हणून बूस्टरही तपासून घ्यावा.

दुसरा प्रकार असा की पॅडल हळूहळू खाली बसते, तरी टाकीतील पातळी उतरत नाही. येथे ऑइल मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत, कपाच्या मागे निसटून टाकीत परत येत असते. ही गळती पुठ्ठ्यावर कधीच दिसणार नाही, पण धोका तितकाच आहे. दोन्ही प्रसंगी जुन्या गाडीत पूर्ण मास्टर सिलिंडर बदलावा, असे आमचे मत आहे. घरी किट बसवण्याच्या भरीस पडू नये.

एका चाकाचा ब्रेक बंद करणे

रस्त्यावर पाइप फुटला तर तो ठोकून चपटा करायचा किंवा तोंडात खिळा मारून नट आवळायचा आणि तीन चाकांच्या ब्रेकवर पुढे जायचे, असा ‘तात्पुरता’ इलाज काही ठिकाणी केला जातो. मग माल उतरतो, परतीचे भाडे मिळते आणि तो इलाज महिनाभर तसाच राहतो. अशा गाडीचा ब्रेक जोराने लावल्यास ती एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर ती आडवी फिरते, आणि भरलेली असेल तर उलटू शकते. केबिनमध्ये चालकाबरोबर घरचा कोणीतरी आणि हमाल बसलेले असतात, हे लक्षात घ्यावे. गाडी तेथेच उभी करून माल दुसऱ्या गाडीत चढवणे हाच मार्ग. टोमॅटोचा एक दिवसाचा बाजार बुडेल, हे आम्हांला ठाऊक आहे.

चालत्या गाडीत पॅडल तळाला गेले तर ते भराभर पंप करावे, खालचे गिअर एकेक करून टाकावेत आणि हातब्रेक टप्प्याटप्प्याने ओढावा. हातब्रेक केबलने चालतो, ऑइलवर नाही. दिवे आणि हॉर्न चालू ठेवून गाडी डोंगराच्या बाजूला किंवा चढाकडे घ्यावी. इंजिन बंद करू नये, कारण इंजिनाचा अडसर आणि बूस्टरची मदत दोन्ही जातात. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गिअर काढून गाडी सोडण्याची सवय याच कारणाने घातक आहे.

कोणते ऑइल भरावे

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच ऑइल घ्यावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंश से. तापमानापर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. जुने, ओलावलेले ऑइल लांब उतारावर ड्रम तापल्यावर उकळते, पाइपमध्ये वाफ होते आणि कोठेही गळती नसताना पॅडल तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी सर्व ऑइल बदलावे. उघडी राहिलेली बाटली पुढच्या हंगामासाठी जपून ठेवू नये.

घरात ट्रॅक्टर असल्यास विशेष काळजी घ्यावी. अनेक ट्रॅक्टरचे ब्रेक ट्रान्समिशन ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे ‘ट्रॅक्टरच्या ब्रेकचे ऑइल’ म्हणून खनिज तेलाचा डबा घरात असतो. ते किंवा इंजिन ऑइल टेम्पोच्या ब्रेकमध्ये थोडेसे गेले तरी सगळे रबर फुगते. मग नुसते धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे प्रत्येक रबर आणि होज बदलावे लागतात. दोन्ही डब्यांवर रंगाने ठळक लिहून ते वेगवेगळ्या जागी ठेवावेत.

हवा काढणे

कोणताही सांधा उघडला की हवा शिरते. ती काढण्यास दोन माणसे लागतात. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात जाते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने हा क्रम साधारणपणे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा येतो. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळावा.

निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. आत बसलेल्याने पॅडल सावकाश दाबून धरावे आणि ‘धरला’ म्हणावे. खालच्याने निपल अर्धा फेरा सोडावा, बुडबुडे निघू द्यावेत, निपल आवळावा आणि ‘सोड’ म्हणावे. निपल आवळण्याआधी पॅडल सुटले तर हवा परत आत जाते, म्हणून हे बोलणे महत्त्वाचे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. प्रत्येक चार-पाच दाबांनंतर टाकी पाहावी. ती रिकामी झाली तर सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

जुन्या मास्टर सिलिंडरच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. रोजच्या वापरात दट्ट्या जेथपर्यंत जात नाही, त्या टोकाच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. हवा काढताना पॅडल तळापर्यंत नेले की कप त्या खरबरीत भागावर घासून फाटतो आणि नवी गळती सुरू होते. पॅडलखाली लाकडाची फळी ठेवल्यास ते तळापर्यंत जात नाही. बाटलीत जमलेले ऑइल पुन्हा टाकीत भरू नये आणि विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. ते बंद डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या तेलाबरोबर द्यावे.

चाचणी

सर्व सांधे पुसून कोरडे करावेत, इंजिन सुरू करून पॅडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवून पाहावा. नंतर रिकामी गाडी शेतरस्त्यावर अगदी कमी वेगाने चालवून ब्रेक लावावा. मग वेग थोडा वाढवून पुन्हा लावावा, गाडी सरळ थांबते का ते पाहावे. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा खूप गरम असेल तर तेथे शू घासत आहे किंवा होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही.

त्या रात्री पुठ्ठे पुन्हा अंथरावेत. टाकीवरच्या पट्टीवर नवी तारीख टाकावी आणि पहिली भरलेली खेप जवळच्या, सपाट रस्त्याच्या बाजारात न्यावी. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर पातळी त्याच खुणेवर असेल, तर गाडी घाटाच्या रस्त्याला लावण्यास हरकत नाही.